कार्डामागचा करार : अमेरिकेतली विमायोजना तुमच्या डॉक्टरांशी कसा व्यवहार करते आणि त्यात तुम्ही काय करायचं

आमच्याकडे येणाऱ्या एका काकांनी गेल्या उन्हाळ्यात माझ्या टेबलावर एक बिल ठेवलं. गुडघ्याच्या डॉक्टरांकडचं, ६४० डॉलरचं. "ताई, जायच्या आधी मी फोन करून विचारलं होतं, आमचा इन्शुरन्स घेता का म्हणून. हो म्हणाले. मग हे काय?"

फोनवरच्या मुलीनं खोटं सांगितलं नव्हतं. काकांच्या कार्डावर ज्या कंपनीचं नाव होतं, तिच्याशी त्या डॉक्टरांचा करार होताच. पण त्या कंपनीच्या योजना अनेक, आणि डॉक्टरांचा करार होता पीपीओ प्रकारच्या योजनेच्या मोठ्या नेटवर्कपुरता, म्हणजे त्या योजनेशी करार असलेल्या डॉक्टरांच्या यादीपुरता. काकांची योजना लहान नेटवर्कची ईपीओ (हे प्रकार पुढं सांगते). क्लेम गेला, कंपनीनं एक डॉलरही दिला नाही, आणि सगळी रक्कम काकांच्या नावावर आली.

मी न्यू जर्सीत एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात बिलिंग सांभाळते. भारतातून नव्यानं आलेली कुटुंबं, मुलांकडे राहायला आलेले आईवडील, नोकरी बदललेली मंडळी, सगळ्यांचे प्रश्न शेवटी माझ्याकडे येतात. आपल्याला सवय मेडिक्लेमची. तिथं विमा कंपनी मध्ये येते ती बहुतेक वेळा पेशंट दाखल झाल्यावर. कॅशलेस मंजूर झालं का, एवढाच घोर असतो. साध्या तापासाठी डॉक्टरांकडे गेलं की खिशातून पैसे दिले आणि निघालो. अमेरिकेतल्या मॅनेज्ड केअर योजनेत विमा कंपनी साध्या खोकल्याच्या भेटीतही असते. कोणते डॉक्टर, किती पैसे, कोणती लॅब, कोणतं औषध आधी, कोणत्या तपासणीला परवानगी हवी, हे सगळं तुम्ही दारातून आत येण्याआधी ठरलेलं असतं. ते ठरतं दोन करारांत. एक करार तुमचा आणि योजनेचा. दुसरा योजनेचा आणि डॉक्टरांचा. पहिला तुम्हाला पाठवतात, जाडजूड पुस्तिका असते. दुसरा तुम्ही कधीच पाहत नाही, आणि अडचणीची बिलं बहुतेक तिथूनच निघतात. म्हणून या लेखात पायरीपायरीनं त्या दुसऱ्या करारातून जाऊ या.

थोडं मागचं सांगते, कारण त्याशिवाय यातलं तर्कशास्त्र कळत नाही. १९३३ साली कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात कोलोरॅडो नदीचं पाणी नेणाऱ्या कालव्याचं काम चाललं होतं. डॉ. सिडनी गारफील्ड या तरुण सर्जननं तिथं कामगारांसाठी बारा खाटांचं रुग्णालय उघडलं. विमा कंपन्या पैसे उशिरा देत आणि कमी देत, रुग्णालय बुडायला आलं. मग तोडगा निघाला: विमा कंपनीनं दर कामगारामागे दररोज पाच सेंट आगाऊ द्यायचे, कामगार जखमी होवो न होवो. रुग्णालय तगलं, आणि डॉक्टर बांधकामावर फिरून बाहेर आलेले खिळे ठोकायला सांगू लागले, कारण आता जखम न होण्यात त्यांचाही फायदा होता. पुढं हेच मॉडेल हेन्री कायझर या उद्योगपतीच्या प्रकल्पांवर गेलं आणि १९४५ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुलं झालं. १९७३ च्या डिसेंबरात अध्यक्ष निक्सन यांनी एचएमओ (आगाऊ ठराविक पैसे घेऊन आपल्या डॉक्टरांमार्फत उपचार देणारी योजना) कायद्यावर सही केली आणि ही पद्धत देशभर पसरायला सुरुवात झाली. आगाऊ पैसे दिले की डॉक्टरांची नजर आजार टाळण्याकडे वळते, हा त्यातला चांगला भाग. पैसे आधीच मिळाले असले की उपचार कमी करण्याचा मोहही होऊ शकतो, हा काळजीचा भाग. पुढचे बहुतेक नियम या दुसऱ्या भागाला लगाम घालण्यासाठी आले आहेत.

पहिली पायरी : कार्ड नीट वाचा, आणि पैसे कोणाचे ते शोधा

कार्डावर चारपैकी एक शब्द सापडेल. एचएमओ असेल तर एक प्रायमरी डॉक्टर, म्हणजे नेहमीचा फॅमिली डॉक्टर, निवडावा लागतो, बहुतेक ठिकाणी स्पेशालिस्टकडे जायला त्यांचं रेफरल (पुढं पाठवण्याची शिफारस) लागतं, आणि नेटवर्कबाहेर इमर्जन्सी सोडून काही मिळत नाही. पीपीओमध्ये रेफरल लागत नाही, बाहेरच्या डॉक्टरांचेही थोडे पैसे मिळतात, पण हप्ता जास्त. ईपीओ या दोन्हींच्या मधली: रेफरल सहसा नको, पण नेटवर्कबाहेर गेलात तर इमर्जन्सी सोडून शून्य. पीओएस म्हणजे प्रायमरी डॉक्टर आणि रेफरल आहे, शिवाय जास्त पैसे मोजून बाहेर जायचीही मुभा. आपल्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत ईपीओमध्ये होते. वापरायला ती पीपीओसारखी वाटते, म्हणून.

एचएमओत प्रायमरी डॉक्टर निवडला नाही, तर कंपनी स्वतःच एखादा नेमून टाकते. मग तुम्ही आमच्याकडे येता आणि कार्डावर पंचवीस मैलांवरच्या भलत्याच डॉक्टरांचं नाव असतं. त्या दिवशी आम्ही तपासलं तरी आम्हाला पैसे मिळत नाहीत. कार्ड हातात पडलं की पहिल्याच आठवड्यात ते नाव बदलून घ्या.

दुसरी गोष्ट कार्डावर सहसा बारीक अक्षरात असते किंवा नसतेच, आणि ती एचआरला विचारावी लागते: योजना सेल्फ-फंडेड आहे का? मोठ्या कंपन्यांमध्ये, त्यात आपली आयटीतली मंडळी पुष्कळ, उपचाराचे पैसे मालकच भरतो. कार्डावरची विमा कंपनी फक्त कारभार पाहते. अशा योजनांना १९७४ चा एरिसा हा केंद्रीय कायदा लागतो, राज्याचे विमा नियम सहसा लागत नाहीत. तक्रार करायची वेळ आली तर राज्याच्या विमा खात्यात खेटे घालण्यात अर्थ नसतो, केंद्राच्या कामगार खात्याकडे जावं लागतं. शिवाय कधीकधी एचआरनं मनावर घेतलं तर अडलेला क्लेम सुटतो, कारण पैसे त्यांचेच असतात. हे फार थोड्यांना माहीत असतं.

दुसरी पायरी : डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत याचा नेमका अर्थ

डॉक्टर नेटवर्कमध्ये येतो तो आधी क्रेडेन्शियलिंगमधून. त्याचं लायसन्स, शिक्षण, चुकीच्या उपचारांबद्दलचा विमा, पूर्वीचे दावे, राष्ट्रीय नोंदवहीतली माहिती, एनपीआय हा डॉक्टरांचा दहा आकडी राष्ट्रीय ओळख क्रमांक, सगळं तपासलं जातं. याला काही महिने लागतात, आणि साधारण दर तीन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. मग करारावर सह्या. करार त्या डॉक्टरांचा असतोच, शिवाय तो दवाखान्याच्या टॅक्स क्रमांकाशी आणि पत्त्याशीही बांधलेला असतो.

म्हणून व्यवहारात तीन घोटाळे होतात. एकच डॉक्टर मंगळवारी ज्या दवाखान्यात बसतात तिथं नेटवर्कमध्ये असतात, शुक्रवारी बसतात तिथं नसतात. जुन्या दवाखान्यात नवीन रुजू झालेल्या डॉक्टरांचं क्रेडेन्शियलिंग अजून पूर्ण झालेलं नसतं, आणि लवकरची अपॉइंटमेंट नेमकी त्यांचीच मिळते. तिसरा काकांचा घोटाळा, तो वर सांगितला.

उपाय एकच, प्रश्न बरोबर विचारणं. "इन्शुरन्स घेता का?" हा प्रश्न सोडून द्या. असं विचारा: "माझी अमुक कंपनीची, अमुक नावाच्या नेटवर्कची योजना आहे. डॉक्टर अमुक, या पत्त्यावर, या नेटवर्कमध्ये इन-नेटवर्क आहेत का?" नेटवर्कचं नाव कार्डाच्या पुढच्या बाजूला असतं. मग हाच प्रश्न विमा कंपनीला विचारा आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावर डॉक्टर शोधा आणि तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नो सरप्राइजेस कायद्यानुसार कंपनीच्या यादीत डॉक्टर चुकून नेटवर्कमध्ये दाखवले असतील आणि तुम्ही त्यावर विसंबून गेला असाल, तर तुमच्याकडून इन-नेटवर्क हिश्शापेक्षा जास्त घेता येत नाही. काकांनी यादी पाहिलीच नव्हती. त्यांना ते पैसे हप्त्यांनी भरावे लागले. त्याच महिन्यात दुसऱ्या एका पेशंट बाईंकडे स्क्रीनशॉट होता, त्यांचं बिल पंधरा दिवसांत चाळीस डॉलरच्या कोपेवर (दर भेटीला पेशंटनं द्यायच्या ठरलेल्या रकमेवर) आलं.

तिसरी पायरी : डॉक्टरांना पैसे कसे मिळतात ते समजून घ्या

इथं थोडा जास्त वेळ द्या. डॉक्टर असं का वागतात, नर्स अमुक वेळी फोन का करते, रक्त अमुकच लॅबला का जातं, याची उत्तरं इथं आहेत.

सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे दर भेटीमागे ठरलेला दर. प्रत्येक कामाला पाच आकडी सीपीटी कोड असतो. ओळखीच्या पेशंटची मध्यम भेट म्हणजे ९९२१३. दवाखाना आपल्या दरपत्रकाप्रमाणे, समजा, २४० डॉलर लावतो. कंपनीशी करारात ठरलेला दर, ज्याला अलाउड अमाउंट म्हणतात, समजा ११८ आहे. उरलेले १२२ डॉलर डॉक्टर सोडून देतात. ते तुमच्याकडे मागणं करारानं बंद असतं. तुमचं डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षभरात तुम्ही स्वतः भरायची रक्कम, बाकी असेल तर पूर्ण ११८ तुम्ही द्यायचे. डिडक्टिबल संपलं असेल आणि कोइन्शुरन्स (त्यानंतरच्या खर्चातला तुमचा टक्केवारीचा हिस्सा) २० टक्के असेल, तर २३ डॉलर ६० सेंट तुमचे आणि बाकीचे कंपनीचे. २४० हा आकडा पाहून घाबरून जाणारे खूप भेटतात. नेटवर्कमधल्या पेशंटसाठी त्या आकड्याला काही अर्थ नाही.

हे दर ठरवताना बऱ्याच कंपन्या मेडिकेअरचं, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी असलेल्या सरकारी विम्याचं, दरपत्रक पाया धरतात आणि त्याच्या अमुक टक्के असा करार करतात. मोठ्या रुग्णालय समूहाला चांगले टक्के मिळतात, एकट्या फॅमिली डॉक्टरला जे पुढ्यात येईल त्यावर सही करावी लागते. एकच एमआरआय रुग्णालयात महाग आणि बाहेरच्या सेंटरवर स्वस्त असतो, तो यामुळेच. डिडक्टिबल मोठं असेल तर तपासणी कुठं करायची हे विचारणं तुमच्या खिशासाठी मोलाचं आहे. डॉक्टरांना सरळ सांगा, "बाहेरच्या सेंटरची ऑर्डर द्या." त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

दुसरी पद्धत कॅपिटेशन, म्हणजे त्या वाळवंटातल्या पाच सेंटांची नात. एचएमओचे ४०० सदस्य आमच्या डॉक्टरांच्या नावावर आहेत आणि दर माणशी महिन्याला २२ डॉलर ठरले आहेत, असं धरू. महिन्याला ८,८०० डॉलर येणार, मग त्यातले दहा जण येवोत की शंभर. यात तुम्ही भेटीला आलात तर नवीन पैसे मिळत नाहीत. चांगले डॉक्टर या पैशांत नर्सचे फोन, पोर्टलवरची उत्तरं, मधुमेहाचा पाठपुरावा बसवतात, आणि अशा दवाखान्यात पेशंटला खरोखर बरं वाटतं. पैसे पुरेनासे झाले की मात्र अपॉइंटमेंट लांबत जातात आणि लहानसहान गोष्टीसाठीही स्पेशालिस्टकडे पाठवणी सुरू होते. तीन-तीन आठवडे वेळ मिळत नसेल, तर डॉक्टर बदलायला संकोच करू नका. एचएमओत एका फोनवर बदल होतो. तो सहसा पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होतो, तेवढं ध्यानात ठेवून अपॉइंटमेंट घ्या.

कॅलिफोर्नियात आणखी एक मधला थर भेटतो, आयपीए. स्वतंत्र डॉक्टरांचा हा समूह एचएमओकडून एकरकमी पैसे घेतो आणि परवानग्याही बऱ्याचदा तोच देतो. तिथं अडलेली मंजुरी विचारायला विमा कंपनीला फोन केला, तर ते तुम्हाला समूहाकडे पाठवतील. समूहाचं नाव कार्डावर छापलेलं असतं.

तिसरा प्रकार बोनसचा. डॉक्टरांच्या पैशांतला काही भाग योजना राखून ठेवते किंवा वर देऊ करते, आणि तो दर्जाच्या मोजमापांवर मिळतो: मधुमेह्यांचं ए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) तपासलं का, मॅमोग्राम झाला का, ४५व्या वर्षापासूनची आतड्याच्या कर्करोगाची तपासणी झाली का. डिसेंबरात आमच्याकडून फोन येतात ते यासाठी. फोन टाळू नका. या तपासण्यांत आपल्या लोकांचं हित आहे. मधुमेह आपल्याकडे कमी वजनातही होतो. अमेरिकेतली मधुमेह संघटना आशियाई वंशाच्या प्रौढांना बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) २३ पासूनच तपासणी सुचवते, इतरांना २५ पासून. "मी तर बारीक आहे" म्हणून दुर्लक्ष करणारे किती जण मी पाहिलेत, आणि त्यांचा ए१सीचा पहिला आकडा ९ च्या वर निघालेलाही.

आता एक अगदी रोजची अडचण. २०१० च्या कायद्यामुळे वार्षिक प्रतिबंधक तपासणी नेटवर्कमध्ये मोफत असते. त्या भेटीत तुम्ही सहज म्हणालात, "डॉक्टर, दोन महिने खांदा दुखतोय", डॉक्टरांनी खांदा तपासला, गोळी लिहिली. आता ही दोन कामं झाली, आणि दुसऱ्याचा वेगळा क्लेम जातो. त्यावर कोपे किंवा डिडक्टिबल लागतं. यात लबाडी नाही, नियम तसा आहे. खांद्याचं सांगायला घाबरू नका, फक्त त्याचं वेगळं बिल येईल हे मनाशी धरा.

आणि रक्ताचा नमुना. प्रत्येक योजनेचा ठराविक लॅबशी करार असतो. डॉक्टर नेटवर्कमधले, पण बायोप्सीची बाटली भलत्याच लॅबला गेली, असं होतं. सुई टोचण्याआधी विचारा, "हे कोणत्या लॅबला जाणार? माझ्या योजनेत ती आहे का?" दहा सेकंद लागतात.

कधी मनात येतं, योजना पैसे देणार नाही म्हणून डॉक्टर एखादा उपचार सांगतच नाहीत का? १९९० च्या दशकात काही करारांत तशी कलमं असल्यावरून अमेरिकेत मोठा गदारोळ झाला आणि पुष्कळ राज्यांनी त्यांवर बंदी घातली. तरीही मोकळेपणानं विचारा: "विम्याचा विचार बाजूला ठेवला तर तुम्ही काय सुचवाल?" चांगला डॉक्टर या प्रश्नानं सुखावतो.

चौथी पायरी : रेफरल आणि प्रायर ऑथ

रेफरल ही चिठ्ठी नसते, तो सिस्टिममधला क्रमांक असतो. त्यावर भेटींची संख्या आणि मुदत असते, उदाहरणार्थ तीन भेटी, नव्वद दिवस. चौथ्या भेटीला गेलात की क्लेम अडतो. स्पेशालिस्टकडे निघण्याच्या दोन दिवस आधी प्रायमरीला फोन करून क्रमांक निघाला का ते विचारा. मागच्या तारखेचं रेफरल काढणं बहुतेक योजनांत जमत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे मात्र रेफरलविना जाता येतं, आणि मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ हाच प्रायमरी म्हणून निवडता येतो. हे हक्क कायद्यानं दिलेले आहेत. इमर्जन्सीलाही ना परवानगी लागते ना नेटवर्क.

प्रायर ऑथ म्हणजे आधीची मंजुरी. ती आम्ही कशी मागतो ते सांगते. गेल्या वर्षी पुण्याहून मुलीकडे कायमच्या राहायला आलेल्या, निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई कंबरेच्या दुखण्यासाठी आल्या. दुखणं डाव्या पायात उतरत होतं, अंगठा बधिर. डॉक्टरांनी कंबरेचा एमआरआय सांगितला, कोड ७२१४८. आम्ही पोर्टलवर अर्ज भरला आणि दोन दिवसांत नकार आला: सहा आठवड्यांचे साधे उपचार झाल्याची नोंद नाही. मी अर्ज उघडून पाहिला. निदानाच्या रकान्यात एम५४.५० पडला होता, म्हणजे नुसती कंबरदुखी. पायात उतरणाऱ्या शिरेच्या दुखण्याचा कोड वेगळा, एम५४.१६, आणि डॉक्टरांच्या तपासणीत ते स्पष्ट लिहिलेलं होतं. उपचारांचं विचारलं तर बाई म्हणाल्या, "अहो, पुण्यात दोन महिने फिजिओथेरपी केली की मी! पण ते इथं कोण विचारतंय?"

त्यांच्या भाच्यानं त्याच रात्री फिजिओथेरपिस्टचं तारखांसकट पत्र आणि पावत्या व्हॉट्सॲपवर पाठवल्या. आम्ही त्या फाइलमध्ये लावल्या, कोड तपासणीप्रमाणे दुरुस्त केला, आणि डॉक्टरांनी कंपनीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलण्याची वेळ मागितली. याला पीअर-टू-पीअर म्हणतात. आठ मिनिटांत मंजुरी आली.

यातून तुमच्या हातात काय आहे ते पाहा. भारतात झालेले उपचार, तपासण्या, घेतलेल्या गोळ्यांची नावं आणि तारखा पहिल्याच भेटीत द्या. आपल्याकडचे रिपोर्ट बहुधा इंग्रजीतच असतात, ते तसेच चालतात. डॉक्टर तपासताना लक्षणं मोघम सांगू नका. "पाठ दुखते" याऐवजी कुठून कुठं जाते, केव्हापासून, काय करता येत नाही, ते सांगा, कारण तेच शब्द नोंदीत उतरतात आणि मंजुरी देणारी नर्स तीच नोंद वाचते. नकार आला तर पहिला फोन दवाखान्याला करा आणि विचारा, "पीअर-टू-पीअरची मुदत कधीपर्यंत आहे?" ती काही वेळा फक्त काही दिवसांची असते.

नोकरीच्या योजनांत साध्या मंजुरीचा निर्णय १५ दिवसांत आणि तातडीचा ७२ तासांत द्यावा लागतो. मेडिकेअर ॲडव्हांटेजमध्ये (खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअरमध्ये) २०२६ पासून साध्या मंजुरीसाठी सात दिवसांची मर्यादा आहे. डॉक्टरांनी अर्जावर "तातडीचं" लिहिलं की ७२ तासांचं घड्याळ सुरू होतं. गरज असेल तर तसं लिहायला सांगा.

मंजुरीचं पत्र आलं की त्यावर तीन गोष्टी पाहा: कोणता कोड, कोणतं ठिकाण, कधीपर्यंत. मंजुरी एका सेंटरची आणि एमआरआय दुसरीकडे, तर पैसे अडणार.

पाचवी पायरी : ईओबी आणि बिल शेजारी ठेवून वाचा

कंपनीकडून येणारं ईओबी, म्हणजे क्लेमवर कंपनीनं किती दिले आणि तुमचा हिस्सा किती याचा हिशेब, हे बिल नव्हे. त्यावरचा तुमचा हिस्सा आणि दवाखान्याच्या बिलावरची रक्कम जुळली पाहिजे. ईओबी येईपर्यंत पैसे भरू नका, कोपे सोडून.

जुळत नसेल तर एक प्रश्न विचारा, जो बिलिंगमधल्या माणसालाच सहसा ठाऊक असतो: "हा नकार सीओ आहे की पीआर?" कंपनीकडून आम्हाला जो हिशेब येतो त्यात प्रत्येक कापलेल्या रकमेपुढं ही अक्षरं असतात. पीआर म्हणजे पेशंटची जबाबदारी: पीआर-१ डिडक्टिबल, पीआर-२ कोइन्शुरन्स, पीआर-३ कोपे. सीओ म्हणजे करारामुळे डॉक्टरांनी सोसायची रक्कम. सीओ-४५ म्हणजे ठरलेल्या दरापेक्षा जास्त लावलेले पैसे. सीओ-२९ म्हणजे दवाखान्यानं क्लेम मुदतीनंतर पाठवला. सीओ-१९७ म्हणजे मंजुरी घेतली नव्हती. नेटवर्कमधले डॉक्टर सीओची रक्कम तुमच्याकडे मागू शकत नाहीत. तरी ती बिलात येते, बहुतेकदा गडबडीनं, कधी सॉफ्टवेअरमुळे. हा प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस फाइल उघडून पाहतोच.

नेटवर्कमधल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि भूल देणारे डॉक्टर बाहेरचे निघाले, तर नो सरप्राइजेस कायदा तुम्हाला इन-नेटवर्क हिश्शापुरतंच बांधतो. भूलतज्ज्ञ, रेडिऑलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट यांना तुमच्याकडून हा हक्क सोडल्याची सहीसुद्धा घेता येत नाही. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र या केंद्रीय कायद्यात येत नाही, आणि तिचं बिल जड असतं.

सहावी पायरी : नकाराविरुद्ध अपील

नकाराचं पत्र आल्यापासून तुमच्याकडे १८० दिवस असतात. वाट पाहू नका. आधी कंपनीला लेखी मागा: कोणत्या निकषावर नकार दिला तो निकष आणि माझी पूर्ण फाइल. हे फुकट द्यावं लागतं. मग तो निकष घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यातल्या प्रत्येक अटीला उत्तर देणारं पत्र मागा. "उपचार गरजेचा आहे" एवढंच लिहिलेली पत्रं मी परत येताना पाहिली आहेत. अमुक औषध अमुक तारखेला सुरू केलं, अमुक त्रास झाला, अमुक तारखेला बंद केलं, असं लिहिलेली पत्रं टिकतात. पत्राचा कच्चा मसुदा तारखांसह तुम्हीच करून दिलात तर डॉक्टरांचं काम हलकं होतं आणि पत्र लवकर निघतं.

उपचार व्हायचा असेल तर अंतर्गत अपिलाचा निकाल ३० दिवसांत, झालेल्या उपचारांवर ६० दिवसांत. तिथंही नकार आला, आणि मुद्दा वैद्यकीय गरजेचा असेल, तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडे फेरतपासणी मागता येते. त्यांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. इथपर्यंत फारच थोडे लोक येतात, दमून मध्येच सोडून देतात. आपल्या माणसांना मी कळकळीनं सांगते, बसा, अर्ज भरा, इंग्रजीची भीती वाटत असेल तर मुलाला, शेजाऱ्याला, मंडळातल्या कोणाला बरोबर घ्या.

करार तुटला तर

जानेवारी जवळ आला की दर वर्षी कुठं ना कुठं रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यातली दरांची बोलणी फिसकटतात आणि पेशंटना पत्रं जातात: अमुक तारखेपासून डॉक्टर नेटवर्कमध्ये नाहीत. पत्र फेकू नका. तुम्ही गरोदर असाल, गरजेच्या (ऐच्छिक नसलेल्या) शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल, किंवा गंभीर आजाराचे उपचार चालू असतील, तर ९० दिवसांपर्यंत त्याच डॉक्टरांकडे जुन्याच दरानं राहण्याचा हक्क आहे. तो आपोआप मिळेल या भरवशावर राहू नका. कंटिन्युइटी ऑफ केअरचा अर्ज कंपनीकडून मागवा, डॉक्टरांची सही घ्या, आणि पाठवल्याची पोच ठेवा.

बाळंतपण जवळ असेल तर आणखी एक तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. बाळ जन्मल्यापासून ३० दिवसांत त्याचं नाव नोकरीच्या योजनेत घालायचं असतं. घातलं की विमा जन्मदिवसापासून धरला जातो. आईच्या कार्डावर बाळाच्या पहिल्या भेटी होऊन जातात, सगळे जागरणात असतात, आणि एकतिसावा दिवस उलटतो. आमच्याकडे पहिल्या लसीला येणाऱ्या आजीला मी बाळाच्या आधी हेच विचारते.

आईवडिलांसाठी

मुलांकडे फिरायला आलेल्यांचा व्हिजिटर्स इन्शुरन्स वेगळा. त्यातल्या काही योजनांना पीपीओ नेटवर्क असतं, काही दर आजाराला ठराविक रक्कम देतात आणि उरलेलं बिल तुमच्या अंगावर येतं. विमानात बसण्याआधी कोणती आहे ते पाहा. ग्रीन कार्डावर पाच वर्षं सलग राहिलेल्या ६५ वर्षांवरच्या आईवडिलांना हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं. तिथं दोन रस्ते आहेत. मूळ मेडिकेअरमध्ये मेडिकेअर घेणारे देशभरातले डॉक्टर चालतात आणि मंजुरीची भानगड कमी. मेडिकेअर ॲडव्हांटेज ही मॅनेज्ड केअर, बहुतेक एचएमओ किंवा पीपीओ, म्हणजे वर सांगितलेलं सगळं तिला लागू. सहा महिने एडिसनला मुलाकडे आणि सहा महिने डॅलसला मुलीकडे राहणाऱ्या आईवडिलांना न्यू जर्सीपुरती एचएमओ घेऊन दिली, तर टेक्ससमध्ये इमर्जन्सी किंवा तातडीची गरज सोडून डॉक्टर मिळणार नाही. नोंदणी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात बदलता येते. दिवाळीला सगळे एकत्र जमतात तेव्हा आईबाबांचं कार्ड, औषधांची यादी आणि दोन्ही गावांतल्या डॉक्टरांची नावं घेऊन बसा, आणि प्रत्येक डॉक्टर त्या योजनेच्या यादीत आहे का ते पाहून स्क्रीनशॉट काढा.